कोंबडीच्या खाद्यातलं बंदी असलेलं अँटिबायोटिक शोधतात कसं?

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो. ब्रॉयलर कोंबड्यांना हार्मोनचं इंजेक्शन देतात, म्हणून त्या चाळीस दिवसांत दोन किलोच्या होतात, असं त्यात म्हटलेलं असतं. हे खरं नाही. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी धरून वाढीचं इंजेक्शन टोचत बसणं कुठल्याच पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो पिढ्यानपिढ्या निवड करून तयार केलेल्या जातीमुळे आणि मका-सोयापेंडीच्या मोजूनमापून बनवलेल्या खाद्यामुळे.

पण या अफवेच्या गडबडीत खरी गोष्ट बाजूला राहते. कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत जगभर होती आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही आहे. आजारी पक्षी बरा व्हावा म्हणून दिलेलं औषध वेगळं. इथे धडधाकट पक्ष्यांना रोज थोडं थोडं औषध द्यायचं, म्हणजे तेवढ्याच खाद्यात वजन थोडं जास्त भरतं. अशा वापराला ग्रोथ प्रमोटर म्हणतात. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. प्रश्न एवढाच, की बंदी पाळली जाते की नाही हे कळणार कसं?

कल्पना आली कुठून?

१९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोन शास्त्रज्ञ कोंबड्यांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्लं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वाढली. नुसतं बी-१२ देऊन एवढा फरक पडत नव्हता. चोथ्यात उरलेलं अँटिबायोटिकच वजन वाढवत होतं. १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि काही वर्षांतच खाद्यात अँटिबायोटिक घालणं हा नेहमीचा शिरस्ता झाला.

वजन नेमकं का वाढतं, याचं एकच सर्वमान्य उत्तर आजही नाही. आतड्यातले जंतू कमी होतात, सूज कमी होते, खाल्लेलं अन्न जास्त अंगी लागतं, अशी काही कारणं दिली जातात. शेड जितकी गलिच्छ तितका फायदा जास्त आणि स्वच्छ शेडमध्ये तो फारसा दिसत नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा आढळलं आहे. यातून जे समजायचं ते समजतं.

बंदी का आली?

अँटिबायोटिक थोड्या प्रमाणात आणि सतत मिळत राहिलं, की त्याला दाद न देणारे जंतू टिकतात आणि बाकीचे मरतात. ब्रिटनमध्ये १९६९ च्या स्वान समितीच्या अहवालाने हा धोका स्पष्ट मांडला होता. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची सगळीच अँटिबायोटिक्स बंद केली. बाकीच्या युरोपला जाग आणली ती ॲव्होपार्सिन या औषधाने.

ॲव्होपार्सिन फक्त जनावरांना दिलं जायचं. पण त्याची रचना माणसांसाठीच्या व्हॅन्कोमायसिनशी मिळतीजुळती होती, आणि व्हॅन्कोमायसिन हे रुग्णालयातल्या गंभीर संसर्गांवरचं हुकमी औषध होतं. ॲव्होपार्सिनला सरावलेले जंतू व्हॅन्कोमायसिनलाही दाद देईनासे झाले. डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली. डेन्मार्कमधल्या ब्रॉयलर कोंबड्यांत एन्टेरोकॉकस फीशियम या जंतूचे १९९५ साली सुमारे ७३ टक्के नमुने या औषधगटाला दाद देत नव्हते. २००० साली हे प्रमाण ६ टक्क्यांच्या खाली आलं.

डुकरांमध्ये मात्र ते लवकर हटेना. तिथे टायलोसिन नावाचं दुसरं अँटिबायोटिक चालूच होतं, आणि दोन्ही औषधांविरुद्धची जनुकं जंतूत एकमेकांना जोडलेली होती. टायलोसिन थांबल्यावरच आकडा खाली आला. म्हणजे एका औषधावरची बंदी दुसऱ्या औषधामुळे निकामी होऊ शकते. खाद्याची तपासणी करताना म्हणूनच एकच नाव धरून बसता येत नाही.

१९९९ मध्ये युरोपने टायलोसिन, स्पायरामायसिन, व्हर्जिनियामायसिन आणि झिंक बॅसिट्रासिन बंद केली, आणि १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची उरलेली चारही. अमेरिकेने २०१७ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिक्स वाढीसाठी वापरणं थांबवलं.

कोलिस्टिनचं प्रकरण

भारताशी सगळ्यात जवळचा संबंध आहे तो कोलिस्टिनचा. हे जुनं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी ते जवळपास बाजूलाच ठेवलं होतं. पण अतिदक्षता विभागात क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू बाकी औषधांना जुमानेनासे झाले, तेव्हा ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. आज अनेक रुग्णांसाठी तो शेवटच्या काही उपायांपैकी एक आहे. त्याच वेळी तेच औषध कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात घातलं जात होतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. कोलिस्टिनला दाद न देण्याची क्षमता हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज पोहोचवतं. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन वापरणं बंद केलं. तिथल्या कोलिस्टिन प्रीमिक्सचं उत्पादन २०१५ मध्ये २७,१७० टन होतं, ते २०१८ मध्ये २,४९७ टनांवर आलं आणि प्राण्यांमध्ये तसंच निरोगी माणसांमध्ये त्या जनुकाचं प्रमाणही घटलं. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये औषधे आणि सौंदर्य प्रसाधने कायद्याच्या कलम २६-ए खाली अन्नासाठी पाळलेली जनावरं, पोल्ट्री, मत्स्यशेती आणि पशुखाद्य पूरकांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं.

मग चिकन तपासलं की झालं ना?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. वाढीसाठी वापरलेली कित्येक अँटिबायोटिक्स मांसात सापडतच नाहीत. झिंक बॅसिट्रासिन, व्हर्जिनियामायसिन, ॲव्होपार्सिन आणि कोलिस्टिन ही औषधं पोटातून दिली तर आतड्यातून रक्तात फारशी जात नाहीत. आतड्यात काम करतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. पक्षी आयुष्यभर ते खाद्य खात असला, तरी त्याच्या मांसाचा अहवाल स्वच्छ येऊ शकतो. रक्तात जाणारी औषधंही कत्तलीच्या काही दिवस आधी बंद केली की अंगातून निघून जातात.

नुकसान मात्र झालेलं असतं, कारण ते औषधाच्या अवशेषात नसून जंतूंमध्ये असतं. चिकन नीट शिजवलं तर जंतू मरतात, हे बरोबर. पण कच्चं मांस हाताळणारे हात, सुरी-पाट, शेडमधले कामगार आणि शेतात खत म्हणून टाकलेली कोंबडीची लिटर या वाटा शिजवण्याच्या आधीच्या आहेत.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले होते आणि ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अवशेष सापडले होते. त्या यादीत सहा औषधं होती. कोलिस्टिन आणि बॅसिट्रासिन त्यात नव्हती. संस्थेने हलगर्जीपणा केला असा याचा अर्थ नाही. मांसात जे सापडू शकतं तेच मांसात शोधलं जातं. बाकीच्यांसाठी खाद्याच्या पोत्याकडेच जावं लागतं.

एका पोत्यात एक गोळी

वाढीसाठीचं प्रमाण साधारणपणे एक किलो खाद्यात काही मिलिग्रॅमपासून काही दशक मिलिग्रॅमपर्यंत असतं. दहा मिलिग्रॅम धरलं तर एका टनात दहा ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात अर्धा ग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून अख्ख्या पोत्यात मिसळावी, तेवढंच.

म्हणून पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर खाद्य उचललं तर त्या नमुन्याला काही किंमत नसते. भुकटी खाली बसते, दाणे वर राहतात आणि औषध एका कोपऱ्यात जास्त असू शकतं. नियम असा, की एकाच लॉटमधल्या अनेक पोत्यांमधून, वेगवेगळ्या खोलीवरून लांब पोकळ नळीने थोडं थोडं खाद्य काढायचं. ते सगळं एकत्र करून ढीग करायचा, ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे काढून टाकायचे आणि हवं तेवढं उरेपर्यंत हेच पुन्हा करायचं. युरोपच्या नियमात शेवटचा नमुना किमान ५०० ग्रॅमचा असतो. त्याचे भाग करून सील करतात आणि त्यातला एक मालकासाठी राखून ठेवतात. उद्या वाद कोर्टात गेला, तर तोच भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. पुढची यंत्रं कितीही महाग असली तरी नमुना चुकला की सगळं वाया जातं.

जंतूलाच साक्षीला बोलवायचं

पहिली चाचणी स्वस्त आणि जुनी आहे. दळलेल्या खाद्यातून द्रावण काढतात. एका चपट्या तबकडीत अगारचा, म्हणजे जेलीसारखा थर असतो आणि त्यात निरुपद्रवी पण औषधाला नाजूक असा जंतू मिसळलेला असतो. टायलोसिन किंवा बॅसिट्रासिनसाठी बहुधा कोकुरिया रायझोफिला वापरतात, ज्याला पूर्वी मायक्रोकॉकस ल्युटिअस म्हणत. थरात छोटी भोकं पाडून त्यात द्रावण टाकतात आणि तबकडी रात्रभर उबेला ठेवतात. सकाळपर्यंत जंतू वाढून सगळा थर दुधट होतो. खाद्यात अँटिबायोटिक असेल तर भोकाभोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळ राहतं.

वर्तुळ दिसलं म्हणजे कुठलंतरी जंतुनाशक आहे, एवढंच कळतं. कोणतं, ते कळत नाही. मग वेगवेगळ्या जंतूंच्या तबकड्या शेजारी शेजारी लावतात. त्यातला एक जंतू मुद्दाम टायलोसिनच्या गटाला न जुमानणारा निवडतात. साध्या जंतूच्या तबकडीवर वर्तुळ आलं आणि या तबकडीवर आलं नाही, तर संशय त्या गटावर जातो. पेनिसिलिनसाठी याहून सोपी युक्ती आहे. पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम द्रावणात घालायचं आणि वर्तुळ गायब होतं का ते पाहायचं.

चाचणीची खोड अशी, की खाद्य हा भलताच गुंतागुंतीचा पदार्थ आहे. त्यात तांबं आणि जस्त जास्त असेल तर तेही जंतू वाढू देत नाहीत. खाद्य टिकवायला घातलेली आम्लंही तसंच करतात. वर्तुळ येतं, पण अँटिबायोटिक नसतं. उलटही घडतं. कोलिस्टिनचा रेणू मोठा आहे आणि तो जेलीत नीट पसरत नाही. त्यामुळे प्रमाण पुरेसं असूनही वर्तुळ लहान येतं किंवा दिसतच नाही. भारतात ज्या औषधावर ठळक बंदी आहे, तेच या स्वस्त चाचणीत निसटू शकतं.

काही औषधांसाठी गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या तयार पट्ट्या मिळतात. मोठ्या डेअऱ्या दुधासाठी अशा पट्ट्या वापरतात. त्या झटपट असतात, पण एक पट्टी एकाच औषधाला किंवा गटाला ओळखते.

नाव पक्कं करणारं यंत्र

कुणावर कारवाई करायची तर संशय पुरत नाही. त्यासाठी एलसी-एमएस/एमएस हे यंत्र लागतं. द्रावण आधी एका बारीक नळीतून जातं आणि त्यातली रसायनं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग यंत्र एका ठरावीक वजनाचा रेणू उचलतं, तो फोडतं आणि तुकड्यांची वजनं पाहतं. बाहेर पडायची वेळ, मूळ रेणूचं वजन, निदान दोन ठरावीक तुकडे आणि त्या तुकड्यांचं आपसातलं प्रमाण, हे सगळं शुद्ध औषधाशी जुळलं तरच नाव लिहिता येतं. एकाच फेरीत कितीतरी औषधं शोधता येतात.

तरी यंत्राला सांगावं लागतं की काय शोधायचं. यादीत नसलेलं औषध समोरून निघून गेलं तरी ते कळत नाही. म्हणून जुनी तबकडी अजून मोडीत निघालेली नाही. तबकडीवर वर्तुळ आलं आणि यंत्राच्या यादीतलं काहीच जुळलं नाही, तर यादीबाहेरचं काही घातलेलं असण्याची शक्यता उरते, आणि चांगली प्रयोगशाळा तिथे थांबत नाही.

बॅसिट्रासिन हे एक रसायन नसून जवळजवळच्या रेणूंचं मिश्रण आहे. व्हर्जिनियामायसिनचे दोन मुख्य भाग असतात, कोलिस्टिनचेही दोन. प्रत्येक भाग वेगळा मोजावा लागतो. कोलिस्टिन तर खाद्याच्या कणांना आणि काचेलाही चिकटतं. आम्लयुक्त द्रावणाने ते सोडवून घ्यावं लागतं, नाहीतर खाद्यात असूनही अहवालात शून्य येतं.

सापडलं, पण घातलं कुणी?

समजा, एक किलो खाद्यात एक मिलिग्रॅम टायलोसिन निघालं. ही चोरी म्हणायची का?

खाद्याच्या कारखान्यात एकाच मिक्सरमधून वेगवेगळं खाद्य निघतं. आधीची बॅच आजारी पक्ष्यांसाठी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर बनवलेली असेल आणि तिच्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम औषध असेल, तर मिक्सरच्या भिंतींना चिकटलेलं एक टक्का खाद्यसुद्धा पुढच्या बॅचमध्ये बरोबर एक मिलिग्रॅम आणून सोडतं. हे टाळायला मधे नुसता मका फिरवून काढतात आणि बॅचचा क्रम ठरवून ठेवतात. युरोपने २०२४ मध्ये २४ अँटिबायोटिक्ससाठी अशा नकळत येणाऱ्या अंशाच्या कमाल मर्यादा ठरवल्या. त्यामुळे आकड्याबरोबर त्या दिवशीची बॅचची वहीही तपासावी लागते. आधीची बॅच साधी असेल तर मिक्सरचं निमित्त चालत नाही.

दुसरा पेच मोनेन्सिनसारख्या औषधांचा. वाढीसाठी ते युरोपात बंद आहे, पण कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगासाठी चालतं. रेणू तोच, उद्देश वेगळा, आणि उद्देश काही यंत्रात दिसत नाही. कोणत्या प्राण्याचं खाद्य, किती प्रमाण आणि लेबलवर काय लिहिलंय, यावरून निर्णय होतो. हेच मोनेन्सिन चुकून घोड्याच्या खाद्यात गेलं तर घोडा दगावतो, इतकं ते प्राण्यानुसार बदलतं.

भारतात पोतं कोण उघडतं?

२००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. दुकानातलं चिकन अन्न आहे, पण ती कोंबडी जे खाऊन वाढली ते या कायद्याच्या दृष्टीने अन्न नाही. कोलिस्टिनवरची बंदी औषध कायद्याखाली आहे, म्हणजे ती मुख्यतः औषध बनवणारा आणि विकणारा यांच्यावर चालते. महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच अन्न व औषध प्रशासनाकडे आहेत, पण दोन कायद्यांच्या मधली फट त्यामुळे आपोआप बुजत नाही. कोंबडी खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १३७४ हे मानक आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांवर जनावरांसाठी २०२५ मध्ये बंदी आली.

निर्यातीच्या कोळंबीची गोष्ट वेगळी आहे. परदेशात माल परत येण्याची भीती असल्याने सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या योजनेत हॅचरी, खाद्याचे कारखाने, तळी आणि प्रक्रिया केंद्रं अशा सगळ्या टप्प्यांवर नमुने घेतले जातात. पोतं उघडण्याची यंत्रणा आपल्याकडे उभी करता येते, हे त्यावरून दिसतं. परदेशी गिऱ्हाईक मागतं, तेव्हा ती उभी राहते.

महाराष्ट्रात ब्रॉयलर पाळणारे बरेच शेतकरी करारावर काम करतात. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते; शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. पोत्यात काय आहे हे त्याला लेबलवर असेल तेवढंच माहीत असतं. एखाद्या लॉटमध्ये काही सापडलं, तर जबाबदार कोण हे ठरवायला खाद्याचा बॅच नंबर आणि पुरवठ्याची पावती लागते. लॉट संपेपर्यंत पोत्यावरचं लेबल आणि पावती जपून ठेवणं त्याच्या हातात आहे.

‘अँटिबायोटिक-फ्री’ वाचताना

पाकिटावर असं लिहिलेलं दिसलं तर त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात. एक, मांसात अवशेष नाहीत. दोन, पक्ष्याला आयुष्यात अँटिबायोटिक दिलंच नाही. पहिला दावा मांसाच्या अहवालावर करता येतो. दुसऱ्यासाठी खाद्याचे अहवाल आणि फार्मच्या नोंदी लागतात. कंपनीने अहवाल जाहीर केला असेल तर त्यात तीन गोष्टी पाहायच्या: नमुना मांसाचा की खाद्याचा, कोणकोणती औषधं शोधली, आणि शोधमर्यादा किती. ‘आढळले नाही’ याचा अर्थ त्या मर्यादेच्या वर आढळलं नाही, इतकाच असतो. खाद्यात किलोमागे पाच मिलिग्रॅम मिसळलेलं असेल आणि चाचणीची मर्यादा दहा मिलिग्रॅमची असेल, तर अहवाल खोटा न बोलताही ‘आढळले नाही’ असंच म्हणेल.